यूट्यूब बघा, पण आपल्या आवडीचं

वस्तीत बीपी तपासायला बसले होते. एक मावशी म्हणाल्या, “सिस्टर, रात्री दीड-दीड वाजेपर्यंत झोप येत नाही.” हातात मोबाईल होताच. काय बघता, असं विचारलं. “काही नाही गं, असंच. एक संपलं की दुसरं येतं.” आवडतं का? मावशी जरा थांबल्या. “आवडतं असं नाही.”

मला हे बीपीच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटलं. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईने तासभर यूट्यूब बघितलं तर मी तिला रागवणार नाही. करमणूक तिचा हक्क आहे. पण तो तासही तिच्या मनासारखा जात नसेल, तर झोपही गेली आणि करमणूकही.

यूट्यूबचं गणित साधं आहे. ज्या व्हिडिओवर आपण जास्त वेळ थांबतो, तसेच आणखी समोर येतात. भांडण, अपघात, करणी-भानामती बघताना आपण घाबरून थांबलो की आवडीने, हे त्याला नीट कळत नाही. २०२० साली टिकटॉक बंद झालं आणि त्याच वर्षी यूट्यूबने आपल्या देशात ‘शॉर्ट्स’ आणले. अंगठा वर सरकवला की नवीन, पुन्हा नवीन. त्याला शेवटच नाही. म्हणून ‘आता बास’ हे आपल्यालाच म्हणावं लागतं.

शिवाय आपल्याकडे घरात फोन एक आणि बघणारे चौघे. पोराचे गेम, दादांची कुस्ती, सुनेच्या रेसिपी, सगळं एकाच खात्यावर. मग मावशींना त्यांचं काही सापडणार कसं? जमलं तर प्रत्येकाचं खातं वेगळं करा. नाहीतर ‘हिस्ट्री’त जाऊन नको ते व्हिडिओ काढून टाका, म्हणजे त्यांच्यासारखे येणं कमी होतं.

नको असलेल्या व्हिडिओच्या बाजूला तीन ठिपके असतात. ते दाबून ‘नॉट इंटरेस्टेड’ करा. एखादा चॅनलच नको असेल तर ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’. मी माझ्या फोनवर आठवडाभर हे चिकाटीने केलं, तेव्हा कुठे पहिलं पान ओळखीचं वाटू लागलं. एका दिवसात होत नाही, सांगून ठेवते. आवडीचे चॅनल ‘सबस्क्राइब’ करा आणि यूट्यूब उघडल्यावर आधी खालच्या ‘सबस्क्रिप्शन’वर बोट ठेवा. तिथे तुम्ही निवडलेल्या चॅनलचंच येतं.

रात्रीसाठी दोन गोष्टी. चालू व्हिडिओवर ‘ऑटोप्ले’चं छोटं बटण असतं, ते बंद करा, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणार नाही. आणि सेटिंगमध्ये झोपेच्या वेळेची आठवण लावता येते. दहाची लावा. लेकरांसमोर लावा, म्हणजे तीच ओरडतील, “आई, वाजलं बघ!”

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. ‘हा काढा घ्या, शुगरची गोळी कायमची सुटेल’ असा व्हिडिओ आला तर गोळी बंद करू नका. व्हिडिओ सरकारी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना दाखवा, लाजायचं काय त्यात? गोळी मनाने सोडून शुगर चारशेवर गेलेले पेशंट मी वॉर्डात सांभाळलेत.

मावशींना विचारलं, तुम्हाला खरंच काय ऐकायला आवडतं? झटकन म्हणाल्या, “वामनदादा.” वामनदादा कर्डक जाऊन आता वीस वर्षं उलटली, पण त्यांची गाणी यूट्यूबवर आहेत, प्रल्हाद शिंदेंची आहेत, विठ्ठल उमपांची आहेत. मावशींच्या नातीने दहा गाणी एका ‘प्लेलिस्ट’मध्ये जमवून दिली. फुकटच्या यूट्यूबवर स्क्रीन बंद केली की गाणं थांबतं, म्हणून मावशी फोन उशाजवळ पालथा ठेवतात. दहा गाणी झाली की फोन गप्प. परवा भेटल्या तेव्हा तक्रार होती, सातव्या गाण्यानंतरचं काही ऐकूच येत नाही, झोप लागते.