जीवशास्त्राची पदवी आणि शैक्षणिक कर्ज

बारावीनंतर जीवशास्त्र घेऊन पदवीधर होऊ इच्छिणाऱ्या पांढुर्णा व सौसर येथील विद्यार्थ्यापुढे दोन मार्ग असतात : जवळच्या शासकीय महाविद्यालयात शिकावे, की कर्ज काढून नागपूरसारख्या शहरी जावे. निर्णय घेताना कर्जाचा हप्ता व भावी मिळकत यांचा मेळ प्रथम घालावा.

समजा, 10 टक्के दराने तीन वर्षे प्रतिवर्षी 1 लाख रुपये घेतले. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. व्याज मात्र रक्कम उचलल्यापासूनच चढते. तोवर 90,000 रुपये सरळव्याज होऊन एकूण देणे 3,90,000 रुपये होते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे 5,150 रुपये पडतो. दरमहा 15,000 रुपये मिळविणाऱ्याच्या वेतनाचा हा एक-तृतीयांशाहून अधिक भाग होय. प्रतिवर्षी 20,000 रुपयेच घेतल्यास हप्ता सुमारे 1,030 रुपये राहतो.

माध्यमिक शाळेत विज्ञान-शिक्षक होण्यास बी.एस्सी.नंतर बी.एड. लागते, उच्च माध्यमिक वर्गांसाठी एम.एस्सी.ही आवश्यक असते. म्हणून पुढील शिक्षणाचा काळ व खर्च पहिल्याच हिशेबात धरावा.

बारावीत प्रथम श्रेणी मिळविणाऱ्या खेड्यांतील मुलींना मध्य प्रदेश शासनाच्या ‘गाव की बेटी’ योजनेतून वर्षातील दहा महिने दरमहा 500 रुपये मिळतात. अशा साहाय्याइतके कर्ज कमी घ्यावे. महाविद्यालयाचे शुल्क विचारण्यापूर्वी पदवीनंतरच्या वेतनाची चौकशी करणे पालकांच्या हिताचे आहे.