छोटी आगगाडी, रेडिओचे विमान आणि भाटघरची मुले

भाटघरच्या आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. गेल्या हिवाळ्यात या वर्गातील अकरा मुले-मुली आणि सोबतीला चार पालक घेऊन आम्ही पुण्याला गेलो. किल्ला नाही, सिनेमा नाही. जायचे होते लहान प्रतिकृतींचे जग पाहायला. सहल ठरली तेव्हाच एका भगिनीने आम्हाला अडवले. "दादा, एवढा खर्च करून खेळणीच बघायची का? त्यापरीस पोरांना परीक्षेची पुस्तकं घ्या की!"

प्रश्न रास्त होता. ज्या घरात महिन्याचा मेळ बसवताना जीव मेटाकुटीस येतो, त्या घराला खेळण्यांचे कौतुक परवडत नाही. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज या लेखातून देत आहोत.

सकाळी भोरहून येणारी स्वारगेटची एस.टी. भाटघरला धरली. महिलांना अर्धे तिकीट असल्याने सोबतच्या मातांचा खर्च हलका झाला. कापूरहोळ, खेड-शिवापूर, कात्रज मागे टाकून स्वारगेटला उतरलो आणि शहराच्या बसने कोथरूड गाठले.

एका माणसाचा छंद

कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. रेल्वेचा लहानपणापासूनचा छंद या गृहस्थांनी आपला व्यवसाय सांभाळून जोपासला आणि त्यातून एक अख्खे छोटे शहर उभे राहिले. रूळ, पूल, सिग्नल, डोंगर, रस्त्यावरचे दिवे, सगळे तिथे आहे. गाड्या एकमेकींना न धडकता धावतात. खोलीतला उजेड मंद झाला आणि शहरात दिवे लागले, तेव्हा आमच्या मुलांच्या तोंडून शब्द फुटेना.

अशा प्रतिकृतींच्या एका मापाला जगभर एच.ओ. म्हणतात. इथल्या गाड्या त्याच मापाच्या. खऱ्या वस्तूच्या ८७ फूट लांबीला येथे एक फूट. आम्ही मुलांना तेथेच वही काढायला लावली. आपल्या रेल्वेचा नेहमीचा जुना डबा सुमारे २२ मीटर लांब असतो. त्याला ८७ ने भागा. उत्तर आले २५ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीहून थोडे कमी. साडेपाच फुटी माणूस किती? दोन सेंटिमीटरही भरत नाही! युरोपातील रुळांची रुंदी १,४३५ मिलिमीटर. ८७ ने भागल्यावर साडेसोळा मिलिमीटर उरते. जगात कोठेही बनवलेली एच.ओ. मापाची गाडी याच रुंदीच्या रुळावर चालते. नववीतला एक मुलगा, जो गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसतो म्हणून शाळेतून निरोप येतात, तो वहीवर पटापट भागाकार करीत होता. गुणोत्तर आणि प्रमाण त्याला प्रथमच डोळ्यांनी दिसत होते.

हात लावू नका

दुपारी पुण्यातच एका मैदानावर हौशी मंडळींनी रेडिओवर चालणारी विमाने आणि मोटारी मांडल्या होत्या. टेबलावर ओळीने विमाने, आणि पुढे पाटी होती, 'हात लावू नका'. ती पाटी पाहून आमच्यासोबतचे एक पालक एकदम दोन पावले मागे सरकले आणि त्यांनी मुलांनाही मागे ओढले. आमच्याही पोटात कालवले. हे तीन शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, दुकानाच्या फळीवर जन्मभर ऐकले आहेत. येथे कारण निराळे होते. बाल्सा नावाचे लाकूड कागदासारखे हलके असते, बोटाच्या दाबानेही मोडते. ते आम्ही समजावून सांगितले, तरी मुले लांबच उभी राहिली.

तेवढ्यात विमान उडवणारे एक वयस्क गृहस्थ आपणहून पुढे आले आणि त्यांनी सगळे उलगडून दाखवले. हातातल्या डब्याला ट्रान्समीटर म्हणतात. त्यावरच्या दांड्या हलवल्या की रेडिओलहरी जातात, विमानातला रिसीव्हर त्या पकडतो आणि सर्व्हो नावाच्या चिमुकल्या मोटारी शेपटीचे व पंखांचे पट्टे हलवतात. शेपटीचा आडवा पट्टा वर केला की नाक वर, खाली केला की नाक खाली. पूर्वी दोघांचे डबे चुकून एकाच लहरीवर लागले की विमान कोसळत असे. म्हणून कोण कोणती लहर वापरतो याची मैदानावर नोंद ठेवावी लागे. आता २.४ गिगाहर्ट्झचे नवे संच आपसात जोडी जमवतात आणि ही अडचण बहुतेक मिटली आहे.

मग त्यांनी सातवीतल्या आमच्या एका मुलीला जवळ बोलावले. शिकवणाऱ्याचा एक डबा आणि शिकणाऱ्याचा एक, असे दोन डबे जोडता येतात; शिकाऊ माणूस चुकला की शिकवणारा कळ सोडून विमान पुन्हा आपल्या ताब्यात घेतो. "बाळ, घाबरू नकोस, चुकलं तर मी आहे," असे म्हणून त्यांनी एक डबा तिच्या हाती दिला. दोन-तीन मिनिटे भाटघरची लेक पुण्याच्या आकाशात विमान फिरवीत होती. एकदा विमान डगमगले, त्यांनी सावरले आणि पुन्हा तिच्याकडे दिले. त्या गृहस्थांनी तिचे आडनाव विचारले नाही. "पंख कुठल्या बाजूला झुकला, पोरी?" एवढेच विचारले.

लादलेले काम आणि निवडलेले काम

परतीच्या एस.टी.त आमच्या मनात एकच विचार घोळत होता. कानस, करवत, सोल्डरिंगची कावी, डिंक, रंग. ही हत्यारे काय नवीन आहेत? लाकूड तासणे, पत्रा कापणे, दगड घडवणे, चामडे शिवणे यांतच आपल्या पिढ्या गेल्या. मग तेच काम कोथरूडला छंद कसे होते आणि गावकुसाबाहेर कमीपणा कसे होते?

याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात देऊन ठेवले आहे. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि त्या वाटणीत आवडीला जागा नाही, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवरच्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू मांडली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती घडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. छंद म्हणजे दुसरे काय? फुरसतीत, स्वतःच्या निवडीने, स्वतःच्या हातांनी केलेले काम. आपल्याला श्रमाची कधीच वाण नव्हती; निवड आणि फुरसत मात्र नाकारली गेली. स्वतः बाबासाहेब एवढ्या कामाच्या रगाड्यातही व्हायोलिन शिकले, चित्रे काढीत, हे आपण मुलांना सांगतो का?

आमचाच अनुभव सांगतो. पाचवीत असताना आम्ही जुन्या तारेची मोटार केली होती. चपलेच्या रबराची चाके होती आणि स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळत. वडिलांनी ती पाहिली आणि पायाखाली चिरडली. "हाताचं काम सुटावं म्हणून तुला शाळेत घातलाय," एवढेच ते म्हणाले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून बसले. त्यांच्या रागात त्यांचा सारा जन्म होता. आम्ही बी.कॉम. झालो, कारकून झालो, त्यांचे पांग फिटले. पण त्यानंतर आमच्या हाताने एकही वस्तू बनवली नाही. वडिलांना दोष देत नाही. ते ज्या खड्ड्यातून आम्हाला बाहेर काढीत होते, तो खड्डा त्यांनी पाहिला होता. आपल्या मुलांना मात्र लेखणी आणि कानस यांतून एकच निवडायला सांगण्याची आता गरज नाही.

विहारातले धरण

खरे तर प्रतिकृती आपल्याला परक्या नाहीत. दर जयंतीला आपली पोरे रात्र रात्र जागून दीक्षाभूमीचा स्तूप, चैत्यभूमी, सांचीचे तोरण यांचे देखावे करतात. उणीव असते ती मापाची. ही उणीव भरून काढायचे ठरवून मुलांनी रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू निवडली, ती म्हणजे भाटघरचे धरण.

वेळवंडी नदीवरचे हे जुने लॉईड धरण १९२८ साली पुरे झाले. लांबी १,६२५ मीटर, उंची सुमारे ५८ मीटर. १:८७ चे माप धरले तर भिंत पावणेएकोणीस मीटर होते. विहारात मावायची नाही! म्हणून एक हजारास एक हे माप घेतले. भिंत १ मीटर ६२ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ६ सेंटिमीटर उंच झाली. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पुठ्ठा, रद्दीचा लगदा आणि डिंक वापरला. धरणाला ८१ दरवाजे आहेत. त्यांतले ४५ पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडतात. विमान चालवून आलेली मुलगी म्हणाली, "काका, मग आपल्या धरणाला रिमोट लागतच नाही!"

सर्वांत गंमत आली पाण्याच्या हिशेबात. साडेतेवीस टीएमसी पाणी हजाराने भागून चालत नाही. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही हजारपट लहान होतात, म्हणून अब्जाने भागावे लागते. धरणातले पाणी सुमारे ६६५ अब्ज लिटर. आमच्या मापाने राहिले ६६५ लिटर. दोनशे लिटरची तीन पिंपे आणि वर चार-पाच हंडे. हंड्याचा हिशेब आमच्या मुलींना कुणी शिकवावा लागत नाही.

असा हिशेब पोरखेळ नव्हे. आपल्याच जिल्ह्यात खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेल्या कामातून ही संस्था वाढली. येथे नद्या, धरणे, बंदरे यांच्या मापातल्या प्रतिकृतींतून पाणी सोडून अभ्यास करतात, मग खरे बांधकाम होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. आजच्या केंद्रीय जल आयोगाची मूळ संस्था १९४५ साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाली. भाटघरचे धरण बांधले जात होते त्याच काळात, २० मार्च १९२७ रोजी, वरंधा घाटापलीकडे महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. मुलांनी हे दोन्ही सनावळ्यांसह पुठ्ठ्यावर लिहून धरणाशेजारी लावले.

पालकांनी काय करावे?

महागडे विमान घेण्याचे काही कारण नाही. पुठ्ठा, फूटपट्टी आणि प्रमाण एवढ्यावर सुरुवात होते. एन.सी.सी.च्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती बनवणे शिकवतात. मुलगा-मुलगी ज्या शाळेत वा महाविद्यालयात आहे तेथे हा विभाग आहे का, ते विचारा. २०१६ पासून काही शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे. आपल्या शाळेत असेल तर ती कुलूपबंद ठेवू देऊ नका. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स असे अभ्यासक्रम आहेत. रेडिओचे विमान किंवा ड्रोन हाती आलेच, तर विमानतळ, लष्करी जागा आणि धरण यांच्याजवळ उडवू नका. २०२१ चे ड्रोन नियम आधी समजून घ्या.

आता पुढच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी मुलांनी दीक्षाभूमीचा स्तूप हाती घेतला आहे. व्यास १२० फूट, माप साठास एक, म्हणजे विहारात दोन फुटांचा.

धरणाची प्रतिकृती मांडली त्या रविवारी वस्तीतल्या एक आजी ती पाहायला आल्या. त्यांनी भिंतीवरून अलगद बोट फिरवले. कुणीही त्यांना 'हात लावू नका' म्हणाले नाही. त्या म्हणाल्या, "माझा आजेसासरा ह्या धरणावर दगूड व्हायला व्हता. त्याला कुनी इचारलं न्हाई, किती लांब, किती उंच. माझ्या नातवाला समदं ठावं हाय."

सहलीला हरकत घेणारी आमची ती भगिनी शेजारीच उभी होती. तिने पुठ्ठ्यावरचे दरवाजे एकेक करून मोजले. ८१ भरले. मग तिने विचारले, "दादा, पुढच्या खेपेला कधी जायचं?"