जबड्याचे ऑपरेशन आणि उलटी : लपवू नका, आधीच सांगा

आमच्या चाळीतील एका तरुणाचा मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही त्याच्यासोबत वॉर्डात होतो. परिचारिकेने विचारले, "काही खाल्ले-प्यायले का?" आईने नाही म्हणून मान हलवली. पण पोरगं उपाशी कसं राहील म्हणून पहाटे तिने चहात बिस्कीट कालवून त्याला भरवले होते. ते आम्ही पाहिले होते, सांगून टाकले. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. तिचा आणखी एक रोज बुडाला. ती आमच्याशी दिवसभर बोलली नाही.

पण गोष्ट साधी नव्हती. भुलीत माणसाला खोकण्याचे, गिळण्याचे भान नसते. पोटातले अन्न वर आले तर ते फुफ्फुसात शिरून जिवावर बेतते. साधारणपणे जड जेवण ८ तास, हलके खाणे आणि दुधाचा चहा ६ तास, तर नुसते पाणी २ तास आधी बंद करतात. आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळ मात्र काटेकोर पाळावी.

तोंडाच्या ऑपरेशननंतर उलटीचे मोठे कारण म्हणजे पोटात गेलेले रक्त. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा घशात पट्टी ठेवतात व ती शेवटी आठवणीने काढतात. गरज वाटल्यास नळीने पोटातले रक्तही ओढून घेतात.

उलटी कोणाला जास्त होते? १९९९ साली डॉ. आपफेल आणि सहकाऱ्यांनी चार खुणा सांगितल्या : रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी भुलीनंतर उलटी झालेली असणे किंवा गाडी लागणे, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गीय वेदनाशामके द्यावी लागणे. एकही खूण नसेल तर शंभरात सुमारे १० जणांना त्रास होतो, चारही असतील तर सुमारे ८० जणांना. (म्हणून कोणी बिडी पेटवू नये, तिचे तोटे कितीतरी मोठे आहेत.)

तेव्हा "मला एसटी लागते" हे वाक्य भूल देणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगावे. त्यावरून ते ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन अशी औषधे आधीच देऊ शकतात. वायूऐवजी शिरेतून भूल देऊ शकतात. वेदनेसाठी शक्यतो पॅरासिटामॉलसारखी औषधे वापरतात. डेक्सामेथासोनने रक्तातील साखर वाढते, म्हणून मधुमेहही लपवू नये.

ऑपरेशननंतर तोंडात येणारे रक्त गिळू नये, हलकेच बाहेर येऊ द्यावे. डॉक्टरांनी मना केले नसेल तर उशाकडची बाजू उंच ठेवावी. परवानगी मिळाल्यावरच घोट-घोट पाणी द्यावे. दात तारेने बांधले असतील तर तार कापायची कात्री खाटेजवळ आहे का, आणि ती कधी व कशी वापरायची, हे आधीच विचारून घ्यावे. उलटी आलीच तर रुग्णाला बसवून पुढे वाकवावे आणि लगेच परिचारिकेला हाक मारावी. पातळ उलटी दातांच्या फटींतून व गालाकडून बाहेर पडते.

त्या तरुणाला रात्री एकदा उलटी झालीच. आम्ही उठेपर्यंत आईनेच त्याला पुढे वाकवून धरले होते. कात्री खाटेला टांगलेली होती, तिची गरज पडली नाही. सकाळी ती माउली आम्हाला म्हणाली, "भाऊ, परवा तुम्ही बोललात ते बरं केलं."