बारा फर्लांगांची डर्बी

दारोदारी आकाशकंदील लागू लागले की पुण्याचा रेसचा हंगाम आटोपत येतो आणि घोडी बोरघाट उतरून मुंबईच्या वाटेला लागतात. खोपोलीला घाट संपतो, तिथून एक रस्ता पेणकडे वळतो. पण पेण-रोह्याच्या माणसाला या उंची जनावरांचे फारसे कौतुक नसते. त्याची शर्यत म्हणजे अलिबागच्या बाजूला, ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूतून उधळणारी बैलगाडी! त्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. २०२३ साली राज्याचा कायदा वैध ठरला, तेव्हा कुठे बैलांची वाट पुरती मोकळी झाली.

महालक्ष्मीची डर्बी ही निराळ्याच घराण्यातली. ‘डर्बी’ हे नाव १७८० सालच्या इंग्लंडातले. फ्रेंचांनी तिच्या धर्तीवर १८३६ मध्ये शांतिई येथे आपली शर्यत सुरू केली. दोन्हींचा मूळ हेतू एकच. कोवळ्या वयाच्या अस्सल घोड्यांत सर्वांत चांगला कोण हे ठरवायचे आणि पुढची पैदास त्याच्यापासून करायची. म्हणून म्हाताऱ्या, अनुभवी घोड्यांना इथे मज्जाव. प्रत्येक जनावराला आयुष्यात एकदाच संधी. त्या दिवशी शिंक आली, पाय मुरगळला, की संपले!

आपल्याकडची पहिली डर्बी १९४३ साली धावली. आरंभी तिला ‘कंट्रीब्रेड डर्बी’ म्हणत, म्हणजे याच मातीत जन्मलेल्या घोड्यांची. (त्याच वर्षी रोह्याचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. देशी माणसाने पहिल्या नंबरावर यावे असेच ते साल होते म्हणायचे.) अंतर बारा फर्लांग, म्हणजे सुमारे २,४०० मीटर. फ्रेंचांनी २००५ साली आपली शर्यत २,१०० मीटरांवर आणली. मुंबईने मात्र जुने माप सोडलेले नाही. आणखी एक गंमत. घोडा कोणत्याही महिन्यात जन्मो, त्याचा वाढदिवस १ जानेवारीलाच. मुंबईची डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची आणि ती होते फेब्रुवारीच्या सुमारास. म्हणजे मार्चात जन्मलेले शिंगरू खऱ्या चार वर्षांचे होण्याआधीच तिथे उभे असते.

पहिली विजेती ठरली एक घोडी, प्रिन्सेस ब्यूटिफुल. जॉकी एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन आणि मालक वडोदऱ्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. महाराजांचा हा नाद एवढ्यावर थांबणारा नव्हता. १९४५ साली इंग्लंडात त्यांनी एक वर्षाचे शिंगरू तब्बल २८,००० गिनींना विकत घेतले आणि त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले, सयाजीराव! आजोबांनी सबंध संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण आणले होते. नातवाने त्यांचे नाव घोड्याला द्यावे, हा आदर समजावा की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे. घोडा मात्र नावाला जागला. १९४७ च्या इंग्लिश डर्बीत तो तिसरा आला, पहिला नंबर पर्ल डायव्हर नावाच्या फ्रेंच घोड्याने पटकावला. पण त्याच वर्षी सयाजीरावाने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर मारली. प्रतापसिंहरावांचे नशीब इतके वेगवान नव्हते. १९५१ साली सरकारने त्यांना पदच्युत केले.

संस्थाने गेली, डर्बी राहिली. स्क्वांडररने १९७७ मध्ये ती जिंकली; आयुष्यातल्या एकोणीस शर्यतींपैकी अठरा त्याने मारल्या. पेसी श्रॉफ या जॉकीने आठ वेळा डर्बी जिंकली. मैदानाचे मात्र तसे नाही. शहराची ती मोकळी जागा नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर होती, तो २०१३ साली संपला. २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर बागेसाठी द्यायचे ठरले.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. निकाल शिरोधार्य आहे. पण पगाराचे पाकीट रेसवर रिकामे करून आलेल्या कारकुनाच्या बायकोला त्यातले कौशल्य समजावणे कठीण!

तरी या घोड्यांचा एक उपकार कोकणाने विसरू नये. धनुर्वातावरचे आणि सर्पदंशावरचे औषध घोड्याच्या रक्तापासून होते. घोड्याला सापाचे विष किंवा धनुर्वाताच्या जंतूंचे निष्प्रभ केलेले विष थोडेथोडे टोचत गेले की त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. पूनावाला यांच्या पुण्याजवळच्या पागेतली निवृत्त घोडी याच कामासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. त्यातूनच सायरस पूनावालांना स्वतःच लस काढण्याची कल्पना सुचली आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

विंचवाचेही तसेच. कोकणातल्या तांबड्या विंचवाने किती पोरे मेली असतील! रायगडातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ पासून हिंमतराव बावस्कर या डॉक्टरांनी रात्रंदिवस रोग्यांच्या उशाशी बसून त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम टिपला, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यावर लागू केले. नंतर त्या गोळीच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लसही आली, तीही घोड्याच्या रक्तातलीच. भातकापणीच्या दिवसांत रोह्याच्या सरकारी दवाखान्यात साप चावलेला गडी आणतात, तेव्हा डॉक्टर फ्रिज उघडून जी कुपी काढतात ती अशा पागेतून आलेली असते.