सेनापती बापट मार्गावरची वीज

माहीमहून निघून दादर, प्रभादेवी, लोअर परळ असा रेल्वेच्या कडेकडेने जाणारा रस्ता जुन्या माणसांच्या तोंडी अजून तुळशी पाइप रोडच आहे. पाटीवर मात्र सेनापती बापट मार्ग. याच रस्त्यावर फिनिक्स, एल्फिन्स्टन, ज्युपिटर या गिरण्या होत्या. त्या सह्याद्रीच्या पाण्यावर तयार झालेल्या विजेवर चालायच्या. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते मुळशीच्या सत्याग्रहात, आणि तो सत्याग्रह होता त्याच विजेसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध. विजेची मागणी जिथून आली त्या गिरण्यांच्या दारातल्या रस्त्याला विरोधकाचं नाव लागलं. नाव ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथल्या माणसाला भारनियमन हा शब्द वर्तमानपत्रातून माहीत. आपल्याकडे लाईट जाते ती फेज उडाला म्हणून, केबल जळली म्हणून. आज तुमची पाळी नाही म्हणून जात नाही. याला आपण मुंबईचं नशीब म्हणतो. त्यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. बेटावरची वीज अखंड राहावी म्हणून गेल्या शंभराहून अधिक वर्षांत एकामागून एक निर्णय झाले, आणि जवळजवळ प्रत्येक निर्णयाची किंमत बेटाबाहेरच्या कुणीतरी मोजली.

सुरुवात फसलेलीच होती. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, आणि लावणारी कंपनी लवकरच बुडाली. मग १९०५ मध्ये ट्राम आणि वीज अशा दोन्हींचा परवाना घेऊन नवी कंपनी आली, आजच्या बेस्टची पूर्वज. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. मात्र या शहराला विजेचा खरा अर्थ कळला तो गिरण्यांत. विसाव्या शतकाच्या आरंभी खात्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला की काम थांबायचं हा निसर्गाचा कायदा रद्द झाला. पाळी तेरा-चौदा तासांवर गेली. सरकारला १९११ च्या फॅक्टरी कायद्यात गिरणीतल्या पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा घालावी लागली. परळच्या कामगाराला वीज पहिल्यांदा भेटली ती अशी, त्याच्या झोपेतून वजा होऊन.

१९१५ मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, घाटाखाली पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पाइपातून सोडायचं आणि तारांवरून वीज परळला आणायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती पुरी झाली तेव्हा ते हयात नव्हते. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशीचं धरण झालं, आणि पन्नासच्या आसपास गावांची शेतं, घरं पाण्याखाली गेली. १९२१ च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. १९२४ पर्यंत लढा चालला, बापट तुरुंगात गेले, धरण झालंच. शिवाय हे पाणी मुळात पूर्वेकडे, भीमेत जाणारं. ते घाटाखाली कोकणात वळवलं की वीज होते, पण पंढरपूर-सोलापूरकडे जात नाही. कृष्णा पाणीतंट्यात हा विषय आजही निघतो.

या इतिहासात दादर-परळचा एक रहिवासी फारसा आठवला जात नाही. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहिले, नंतर हिंदू कॉलनीत राजगृहात. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ च्या धोरण समितीपुढच्या भाषणात त्यांनी प्रश्न सरळ मांडला: वीज सरकारच्या मालकीची असावी की खासगी, आणि ती केंद्राने सांभाळावी की प्रांतांनी. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगाशिवाय दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांचं सूत्र. त्या काळच्या विचारमंथनातून पुढे १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला आणि राज्य वीज मंडळं उभी राहिली. महाराष्ट्राचं मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं, पण मुंबई बेटावर त्याचं राज्य कधीच आलं नाही. इथे निर्मिती टाटांची, आणि वितरण बेस्टचं, जी ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने ताब्यात घेतली होती. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, पश्चिमेच्या उपनगरांत आधी बीएसईएस, मग रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी, मुलुंड-भांडुपला महावितरण. एका शहरात इतके मालक असलेली दुसरी व्यवस्था देशात क्वचितच असेल.

आता तेलाकडे येऊ, कारण आपण मुंबईला तेलाचं शहर म्हणून बघतच नाही. ट्रॉम्बेला १९५० च्या दशकात दोन रिफायनऱ्या आल्या आणि त्यांच्या शेजारीच टाटांचं औष्णिक केंद्र. रिफायनरीत शुद्धीकरणानंतर उरणारं जड तेल शेजारच्या बॉयलरमध्ये जळायचं. १९७३ ला अरब देशांनी तेलाचे भाव चढवले आणि या सोयीची किंमत कळली. १९८४ चा ५०० मेगावॉटचा संच म्हणूनच कोळशावरही चालेल असा बांधला. तरी १९९० मध्ये तेल आणि वायूवरचा आणखी एक ५०० मेगावॉटचा संच आलाच. तेल महाग झाल्यावर तो बहुतेक काळ उभाच राहिला. दरम्यान १९७४ मध्ये समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र सापडलं आणि तिथल्या वायूवर उरणचं केंद्र उभं राहिलं. महापालिकेचा गल्लाही तेलावर भरत होता: २०१७ मध्ये जकात संपेपर्यंत रिफायनऱ्यांत येणाऱ्या कच्च्या तेलावरची जकात हा तिच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग होता.

तेलाचा खरा चटका मात्र राज्याला बसला, दाभोळला. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, मे १९९९ मध्ये सुरू झाला तो नाफ्त्यावर. नाफ्ता म्हणजे कच्च्या तेलाचंच अपत्य. करारात विजेचा दर इंधनाच्या भावाशी आणि डॉलरशी बांधलेला. २००० मध्ये तेल चढलं, रुपया घसरला आणि युनिट परवडेनासं झालं. वीज घेतली नाही तरी ठरावीक पैसे द्यायचेच, असंही कलम होतं. युतीच्या सरकारने हा करार १९९५ मध्ये मोडला होता आणि मग स्वतःच नव्याने करून मोठा केला होता. २००१ मध्ये वीज मंडळाने हात वर केले, माधव गोडबोले समितीने करारातली भोकं दाखवली, आणि प्रकल्प बंद पडला. त्यानंतरच्या वर्षांत विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांना दिवसाचे कित्येक तास अंधार आणि लालबागला सगळे दिवे चालू, हे चित्र राज्याने पाहिलं. पुण्याने २००६ मध्ये वेगळा मार्ग काढला. कारखान्यांनी आपापले डिझेलचे जनित्र संच चालवायचे, तेवढी वीज शहराला मोकळी करायची आणि ज्यादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलातून भरायचा. म्हणजे भारनियमन टाळण्याचा दर ठरला, आणि तो ज्याला परवडला त्याने टाळलं.

तेलावर जगणाऱ्या देशांत हीच गोष्ट फार मोठ्या आकारात दिसते. नायजेरिया आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या तेल उत्पादकांपैकी एक. पण २०२४ मध्ये तिथली राष्ट्रीय ग्रिड पुन्हा पुन्हा कोसळली. वीज बहुतांशी वायूवर होते. वायू पुरवणाऱ्याचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, वितरण कंपन्यांची वसुली होत नाही, आणि २०१३ च्या खासगीकरणानेही ही साखळी जुळली नाही. लागोसमध्ये प्रत्येक गल्लीत पेट्रोलची जनित्रं धडधडतात. २०२३ मध्ये सरकारने पेट्रोलवरचं अनुदान काढलं तेव्हा गरिबाची वीजच महागली, कारण त्याची ग्रिड म्हणजे त्याच्या दारातलं जनित्र होतं. त्याच वर्षी नव्या कायद्याने राज्यांना स्वतःची वीजबाजारपेठ चालवण्याची मुभा दिली. केंद्राने सांभाळायचं की प्रांतांनी, हा १९४३ चा प्रश्न तिथे आज नव्याने सोडवला जातोय.

आपल्याकडे या गोंधळातून मुंबईला वेगळं काढणारं यंत्र म्हणजे आयलँडिंग. १९८१ पासून ते आहे. बाहेरच्या ग्रिडमध्ये वीज कमी आणि मागणी जास्त झाली की वारंवारता ५० हर्ट्झवरून खाली घसरायला लागते. ती फार घसरली की संवेदक आपोआप मुंबईला जोडणाऱ्या वाहिन्या तोडतात आणि शहर स्वतःच्या निर्मितीवर उभं राहतं. चाळीत एका खोलीत आग लागल्यावर शेजारच्याने आपलं दार बंद करून घ्यावं तसं. पण दार बंद केल्यावर आत पुरेसा शिधा हवा. ट्रॉम्बे, टाटांची जलविद्युत केंद्रं आणि डहाणूचं औष्णिक केंद्र मिळून शहराची हक्काची निर्मिती १,८७७ मेगावॉटच्या आसपास. मुंबईची मागणी मात्र आता उन्हाळ्यात ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते. शिवाय बाहेरची वीज स्वस्त असेल तर ती आधी घ्यायची हा नियम आहे, आणि तो ग्राहकाच्या हिताचाच आहे. म्हणून शहरातले महाग संच मागे राहतात.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास हे सगळं एकदम उघडं पडलं. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बंद झाल्या आणि दोन हजार मेगावॉटहून जास्त पुरवठा गेला. आयलँडिंग टिकलं नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या काळात रुग्णालयं जनित्रांवर गेली. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊतांनी घातपाताची शंका बोलून दाखवली, पुढच्या वर्षी राज्याने सायबर हल्ल्याचा अहवाल मांडला, आणि केंद्राने तो नाकारून माणसाच्या चुकीवर बोट ठेवलं. वाहिन्या का पडल्या हा प्रश्न बाजूला राहून कुणी पाडल्या यावर महिने गेले. खरं दुखणं जुनंच होतं. शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्या मोजक्याच, आणि नव्यांना जागा नाही. खारघर-विक्रोळी ही शहरात येणारी पहिली ४०० केव्हीची वाहिनी दशकभराहून अधिक काळ कागदावर राहिली, एका हातातून दुसऱ्या हातात गेली, कांदळवनांच्या परवानग्यांत अडकली आणि २०२३ मध्ये सुरू झाली. तिने आणखी सुमारे हजार मेगावॉट आणता येतात. जागा नाही म्हणूनच कुडूस-आरे या दुसऱ्या वाहिनीचा बराचसा भाग जमिनीखालून आहे.

मधल्या काळात मागणीचा स्वभावच बदलला, हे फारसं बोललं जात नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तोपर्यंत गिरणगावाची वीज तीन पाळ्यांत सारखी वाहत होती. गिरण्या गेल्या, त्याच जागी मॉल, कार्यालयं आणि टॉवर आले. आता लोअर परळचा भार दुपारी एसीवर चढतो आणि रात्री कोसळतो. सपाट मागणी पुरवणं स्वस्त असतं. टोकाची मागणी महाग, कारण त्या चार तासांसाठी केंद्र वर्षभर तयार ठेवावं लागतं. खोपोली-भिवपुरी-भिऱ्याचं पाणी पूर्वी माग फिरवायचं, आज ते बऱ्याच अंशी संध्याकाळचं टोक सांभाळतं. भिऱ्याला तर वापरलेलं पाणी पुन्हा वर चढवून ठेवण्याची सोयही आहे.

बेस्टचं दुखणं निराळं. ती स्वतः वीज तयार करत नाही, टाटांकडून आणि बाजारातून घेते आणि दहा लाखांच्या आसपास ग्राहकांना जमिनीखालच्या केबलींतून पुरवते. स्थानिक स्वराज्य संस्थेचा उपक्रम म्हणून २००३ च्या वीज कायद्याने तिला एक सवलतही दिली: तिच्या तारा दुसऱ्या पुरवठादाराला खुल्या करायची सक्ती नाही. पण शहरातल्या बसही तीच चालवते. ती बससेवा तोट्यात, आणि तो तोटा कित्येक वर्षं विजेच्या बिलातून भरून काढला गेला. हॉटेलमालकांच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली, वाद वरपर्यंत गेला आणि अखेर राज्याच्या वीज नियामक आयोगाने वसुली थांबवली. बस स्वस्त असावी हे मलाही पटतं. पण ज्या बसमधून बोरिवली-मुलुंडचे लोकही फिरतात तिचा तोटा फक्त काळाचौकीच्या आणि ठाकुरद्वारच्या मीटरमधून वसूल व्हावा, हे कुठल्या न्यायात बसतं? बस सगळ्या शहराची आहे, तर तिचा बोजा महापालिकेच्या अंदाजपत्रकातच पडायला हवा.

यावर प्रश्न विचारायची जागा होती बेस्ट समिती, नगरसेवकांची. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही, त्यामुळे समितीही नव्हती. याच पोकळीत सुमारे १,३०० कोटींचं स्मार्ट मीटरचं काम अदानी समूहाकडे गेलं आणि विरोध रस्त्यावर व्हायला लागला, सभागृहात नाही.

राहिली ती आयोगाची जनसुनावणी. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२५ मध्ये २०२५-२६ ते २०२९-३० अशा पाच वर्षांचे दर ठरवले. त्यांच्यावर बिलात इंधन समायोजन आकार येतो. ट्रॉम्बेचा बराचसा कोळसा इंडोनेशियातून जहाजाने येत असल्याने युक्रेनच्या युद्धाने कोळसा चढला की त्याचा आकडा गिरगावातही हलतो. हा आकार कसा काढायचा याचं सूत्र आयोगाच्या आदेशात छापलेलं असतं आणि आदेश संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. कागद शेकडो पानांचे आहेत, भाषा जड आहे. वेळ थोडा असेल तर आधी वीजखरेदीचं प्रकरण उघडावं, कारण बिलातल्या रुपयाचा मोठा भाग तिथे ठरतो, आणि हरकत घ्यायला तिथेच वाव असतो.