ऑपेरा हाउसमध्ये एक संध्याकाळ

उर्से टोलनाका ओलांडून मुंबईला निघालेला मावळकर बहुधा कामापुरता जातो आणि काम उरकलं की परततो. पुढच्या खेपेला मात्र एक संध्याकाळ राखून ठेवा. चर्नी रोड स्टेशनवर उतरलं की थोडं चालून रॉयल ऑपेरा हाउस गाठता येतं.

कोलकात्याचे नाटक कंपनीवाले मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या व्यापारातले पारशी जहांगीर फ्रामजी काराका या दोघांनी १९०८ मध्ये हे थिएटर बांधायचं मनावर घेतलं. १९११ मध्ये, काम पुरतं संपलेलंही नव्हतं, तोच बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं.

आत शिरलं की मान आपोआप वर जाते. ससून घराण्याच्या हवेलीतली बिलोरी झुंबरं, कवी-नाटककारांची आठवण जपणारा आठ भागांचा घुमट, सोनेरी वेलबुट्टी, एकावर एक चढलेले सज्जे. या बैठकीतच त्या काळचा समाज दिसतो. गावच्या यात्रेत तमाशाला सगळे एकाच मातीवर बसतात. इथे बडी मंडळी खाजगी बॉक्समध्ये आणि बाकीचे आपापल्या तिकिटाप्रमाणे. वास्तू उभी राहिली ती साहेब आणि शेटजींच्या शौकासाठी. पण भोवती होतं चाळींचं, नाटकवेडं गिरगाव. पुढे याच रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर उभे राहिले. माझ्या मते या वास्तूचा खरा मान त्यांच्यामुळे आहे, बादशहामुळे नव्हे.

पडद्यावरचा खेळ आला तसा रंगमंच मागे पडला आणि १९३५ मध्ये त्याचं चित्रपटगृह झालं. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं. घरोघरी टीव्ही-व्हिडिओ आले, प्रेक्षक आटले आणि १९९३ मध्ये दाराला कुलूप लागलं ते तब्बल २३ वर्षं. अशा बंद थिएटरच्या जागी टॉवर उभा राहायला मुंबईत वेळ लागत नाही. गोंडल घराण्याने ते होऊ दिलं नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी जुनी रूपरेषा शोधून डागडुजी केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला आणि २०१७ मध्ये युनेस्कोचा संवर्धन पुरस्कारही मिळाला.

बाहेरून फोटो काढून परतू नका. कार्यक्रम पाहा, तिकीट काढा आणि घरातल्या मुलांनाही सोबत न्या. प्रेक्षक आले तरच हे दार उघडं राहील.