जोत्याशी साचणारे पाणी

पावसाळ्यात घरोघर जाणे झाले की आमची नजर आधी भिंतीकडे जाते. जोत्यापासून दोन हातांपर्यंत रंग सुटलेला, पोपडे आलेले, लोणा लागलेला. घरधनी म्हणतात, "फादर, दरसाल गिलावा करतो, दरसाल झडतो." मग आम्ही त्यांना घेऊन बाहेर येतो आणि पागोळ्या कोठे पडतात ते पाहतो. दुखणे बहुधा तेथेच असते. ओल बाहेरून येत असता आतून सिमेंट फासणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. उलट मातीच्या भिंतीवर सिमेंटचा जाड लेप बसला की आतली ओल आतच कोंडते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, कणकुंबी-जांबोटीकडे, पाऊस कसा कोसळतो हे आपणांस सांगावयास नको. वीस फूट रुंद व तीस फूट लांब छप्पर धरा. त्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १,४०० लिटर पाणी खाली येते. दोनशे लिटरची सात पिंपे! आणि एक इंच म्हणजे आपल्याकडे काहीच नव्हे. हे पाणी जोत्याशी मुरत राहिले तर मातीच्या भेंड्यांची भिंत खालून मऊ पडते आणि एखाद्या रात्री बसते. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत आणि पुरात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे व लहान मुले भिंतीलगत निजतात, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पहिले काम बिनखर्चाचे आहे. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराला एक फेरी घाला. पाणी कोठून येते, कोठे थबकते, तेथे खुंट्या ठोका. पाऊस थांबल्यावर नुसते डबके दिसते, त्याची वाट दिसत नाही.

दुसरे काम उताराचे. जोत्यापासून पहिल्या दहा फुटांत जमीन निदान सहा इंच उतरली पाहिजे. पुष्कळ घरांत नेमके उलटे आढळते: फुलझाडांचे वाफे, शेणाचा ढीग, उरलेली वाळू, सारे भिंतीला टेकून, आणि अंगण घराकडे झुकलेले. भर घालताना वाळू नको, ती पाणी पिऊन पायाकडे देते. मुरूम व चिकण माती थराथराने घालून चोपावी. पागोळ्या पडतात तेथे दगडी फरशी बसवावी किंवा पन्हळ लावावी, म्हणजे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. झडीसाठी प्लास्टिक बांधता, ते उघडीप मिळताच सोडत जा. भिंतीला वारा लागू द्या.

मागे टेकडी किंवा शेत असेल तर पाणी घरापर्यंत येण्यापूर्वीच आडवा चर खणून वळवावे. चराला दहा फुटांमागे सव्वा इंच तरी उतार हवा. तो डोळ्यांनी ठरवू नये. गवंड्याकडील पाण्याची नळी मागून आणावी.

हे पाणी सोडायचे कोठे? येथेच भावाभावांची भांडणे होतात. आपला चर शेजाऱ्याच्या जोत्याकडे काढणे हा उपाय नव्हे, ते आपले दुखणे दुसऱ्याला देणे झाले. दोन घरांमधील गल्लीत एकच सामाईक गटार, खर्च निम्मा-निम्मा, हे सगळ्यांत स्वस्त पडते. शोषखड्डा करणार असाल तर आधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी पाणी तसेच असेल तर तेथे शोषखड्डा चालणार नाही. काळ्या जमिनीत असेच होते. मुरमाड जमिनीत तीन फुटी खड्डा दगड-विटांच्या तुकड्यांनी भरावा, पण घरापासून दहा आणि विहिरीपासून पन्नास फूट दूर.

आणखी एक गोष्ट अलीकडे गावोगाव दिसते. रस्त्यावर काँक्रीटचा थर चढतो, काही वर्षांनी त्यावर दुसरा, आणि पूर्वी दोन पायऱ्या चढून जायचे ते घर आता रस्त्याच्या खाली जाते. काम सुरू होण्यापूर्वीच गल्लीतल्या सर्वांनी मिळून पंचायतीकडे लेखी मागणी करावी, की आधी गटार करा, जुना थर काढा, मग नवा घाला. थर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

आरोग्याचे म्हणाल तर पायांना चिखल्या होतात, ते निदान दिसते तरी. साचलेल्या पाण्यात डासांच्या अंड्यांपासून आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, म्हणून डबकी, करवंट्या, टायर आठवड्यातून एकदा रिकामे करावेत. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. तो पायावरच्या जखमेतून शिरतो. जखम असेल तर गमबूट घाला. चिखलात काम केल्यावर ताप, अंगदुखी आली, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना चिखलाचे आवर्जून सांगा आणि वेळ काढू नका.

मातीकाम वैशाखापूर्वी उरकावे, म्हणजे भर बसायला वळवाच्या एक-दोन सरी मिळतात. पावसात करण्यासारखे एवढेच: कुदळ दाराशी ठेवावी आणि चरात अडकलेला पालापाचोळा रोज सकाळी काढावा.